दसऱ्याचा टीव्ही : जाहिरातीत ३८,९९०, कर्ज ५१,९२८

टीव्ही ३८,९९० चा होता. पंचावन्न इंची, फोरके. माझ्या नावावर कर्ज चढलं ५१,९२८ चं, आणि भिंतीला भोकं पाडायला आलेल्या पोराने ८०० रोख नेले ते वेगळेच, पावती नाही. म्हणजे टीव्हीच्या वर १३,७३८ रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर येणार म्हणून आम्ही दसऱ्यापर्यंत थांबलो होतो. त्यात वाचले जेमतेम तीन हजार तीनशे. त्याच्या चौपट दुकानाने काढून घेतले.

वरचे पैसे कशाचे ते ऐका. वॉल माउंट २,४९९. 'गोल्ड प्लेटेड' एचडीएमआय केबल, म्हणजे बॉक्स टीव्हीला जोडायची वायर, २,९९०. स्टॅबिलायझर ३,२५०. एक्स्टेंडेड वॉरंटी ४,१९९. पहिल्या तीन वस्तू बिलात 'अ‍ॅक्सेसरी किट' म्हणून एकाच ओळीत, ८,७३९ ला. आणि हे बिल दुकानात हातात दिलंच नाही, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. बिल हातात पडल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

टीव्ही स्वस्तात दाखवायचा आणि वायरीवर कमवायचं, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं. म्हणूनच आत शिरता शिरता मी म्हटलं होतं, मला फक्त टीव्ही हवाय. ''हो काकू, फक्त टीव्हीच,'' असं तो गोड मुलगा म्हणाला होता. पाणीसुद्धा आणून दिलं.

नंतर नो कॉस्ट ईएमआयचं टेबल. हप्ता किती, तर ''चार हजार तीनशेच्या आसपास, बारा महिने.'' मोबाइलवर ओटीपी आला. ''काकू, द्या इकडे, मी बघतो, तुम्हाला सापडणार नाही.'' मला सापडणार नाही! मी पतसंस्थेत लोकांच्या हप्त्यांचे हिशेब तपासते. चार हजार तीनशे गुणिले बारा हे मी झोपेत करीन. पण सासूबाई वॉशिंग मशीनच्या खोक्यावर टेकलेल्या, त्यांची जेवणाची वेळ टळलेली, मागे रांग, वर स्पीकरवर ऑफरचा कंठशोष. त्या ओटीपीच्या मेसेजमध्ये आकडा स्पष्ट लिहिलेला होता, ५१,९२८. त्याने सहा अंक वाचले आणि मोबाइल पालथा करून माझ्या हातात दिला. मेसेज अजून आहे. रोज उघडून बघते आणि माझंच डोकं फिरवून घेते.

''ओटीपी दिलाच कशाला?'' असं आमच्या जाऊबाईंनी विचारून झालंय. फोनवर अनोळखी माणसाला देऊ नये, हे आम्हालाही कळतं. पण दुकानात, काउंटरवर, त्याशिवाय टीव्ही हलतच नाही. द्या, पण मोबाइल सोडू नका. मेसेजमधली रक्कम स्वतः मोठ्याने वाचा, चार लोकांना ऐकू जाईल अशी.

आता त्या केबलची कथा. घरी केबलवाला आला, मागे बघून म्हणाला, ''ताई, बॉक्स एसडी आहे तुमचा, जुन्या साध्या चित्राचा. याला एचडीएमआयचं भोकच नाही.'' म्हणजे आमच्या पंचावन्न इंची फोरकेवर सासूबाई मालिका बघत होत्या ती जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीतून. यूट्यूब वायफायवर चालतं, त्याला केबल लागतच नाही. एचडी बॉक्सचे १,५०० पुन्हा भरले, आणि त्या बॉक्सबरोबर एचडीएमआय केबल फुकट आली! डिजिटल सिग्नल आहे तो, सोन्याच्या मुलाम्याने चित्र जास्त रंगीत होत नाही. ३५० ची चालते. आमच्या टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट छापलेलं आहे, म्हणजे तेवढ्या चढउतारात तो चालतो. तेवढं वाचलं की स्टॅबिलायझरची भाषा बंद. तसलाच माउंट आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे ६५० ला आहे, फक्त मागच्या स्क्रूंमधलं अंतर मोजून न्यायचं. आणि ती वॉरंटी टीव्हीच्या कंपनीची नव्हेच. तिसऱ्याच कुणाची तरी आहे आणि वर्षभराने सुरू होणार आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मॅनेजर म्हणाला, किट उघडलंय, परत होत नाही. उघडलं कुणी? त्यांच्याच माणसाने! फायनान्सवाल्यांचं कॉल सेंटर म्हणतं दुकानाशी बोला, दुकान म्हणतं फायनान्सशी बोला. पोलीस ठाण्यात साहेबांनी वर न बघता सांगितलं, ''मॅडम, ओटीपी तुमचा, सही तुमची, हा दिवाणी मामला आहे.'' वैधमापनवाल्यांकडे, म्हणजे वजनमापं आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, गेले तर केबलचं खोकं उलटसुलट करून म्हणाले, एमआरपी २,९९० छापलीय, त्याच्या आत विकलीय, आम्ही काय करणार. साडेतीनशेच्या वायरीवर कुणी तीन हजार छापले तरी चालतं, जास्त घेतले तरच गुन्हा! ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली. नंबर मिळाला, मेसेज आले, मन जरा थाऱ्यावर आलं. मग एक दिवस 'तक्रार निकाली' असा मेसेज. निकाल काय, तर दुकानाने कळवलं की ग्राहकाची संमती होती. मला एक फोन नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचंच उत्तर चिकटवून फाइल बंद करायची असेल तर पगार कशाचा घेता?

कर्ज घेताना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे रक्कम, व्याज, शुल्क सगळं लिहिलेला कागद, मागा, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे. मला मेलवर आलं, तेही टीव्ही भिंतीवर चढल्यावर. डिजिटल कर्ज असेल तर त्यातून बाहेर पडायला कूलिंग-ऑफची मुदत असते, ती पहिल्याच दिवशी विचारा. माझी मॅनेजरच्या केबिनबाहेर बसण्यात गेली. फायनान्स कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तो अर्ज मी केलाय.

परवा दुकानातून फोन आला. ''काकू, विषय संपवू, १,५०० चं व्हाउचर देतो.'' कशावर चालेल, विचारलं. फक्त अ‍ॅक्सेसरीजवर, किमान खरेदी ५,०००. फोन ठेवला आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाची तक्रार भरायला बसले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. ओटीपीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट सगळ्यात वर जोडलाय.