जुन्या गिटार अ‍ॅम्पचा २एन३०५५: नवा मागवावा की जुन्या यंत्रातला काढावा?

प्रश्न फक्त आउटपुटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या २एन३०५५ या ट्रान्झिस्टरचा आहे. प्रीअ‍ॅम्पमधले (गिटारचा सिग्नल आधी घेणाऱ्या भागातले) बीसी१४८ किंवा बीसी१४९ हे छोटे ट्रान्झिस्टर गेले असतील, तर इंदूरच्या महाराणी रोडवरून बीसी५४७, बीसी५४९ आणायचे, पायांचा क्रम बघून लावायचे, झालं काम.

आउटपुटला मात्र बाजारातला सुटा, स्वस्त २एन३०५५ टाळलेलाच बरा. दुकानदार फसवतो असं नाही, त्याच्याकडेच माल तसा येतो. टोपी, म्हणजे धातूचं आवरण, मोठ्या टीओ-३ साच्याची, आत चिप चिमुकली. मल्टिमीटरवर दोन्ही जंक्शन चोख दिसतात, गेनही (करंट वाढवण्याची क्षमता) भरतो आणि आवाज वाढवला की शॉर्ट. जाताना ड्रायव्हर (त्याच्या आधीचा, त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर) आणि ०.३३ ओहमचा एमिटर रेझिस्टरही घेऊन जातो. आउटपुटला कपॅसिटर नसेल तर स्पीकरची कॉइलही वाचत नाही.

उरले दोन पर्याय. अधिकृत वितरकाकडून मागवलेला नवा ऑनसेमी कंपनीचा माल, किंवा कबाडीकडे आलेल्या जुन्या रेग्युलेटेड पॉवर सप्लायमधून काढलेला.

नव्याची बाजू भक्कम आहे. २एन३०५५चाच दणकट भाऊ एमजे१५०१५ घेतला तर ६० ऐवजी १२० व्होल्टची सहनशक्ती मिळते, ११५ ऐवजी १८० वॉट. दोन नगांसाठी पोचवण्याचा खर्च मालापेक्षा जास्त पडतो, पण ते चालवून घेता येतं. गणपती तोंडावर आले असतील आणि ऑर्केस्ट्रावाला दारात उभा असेल, तर वाट बघणं जड जातं, एवढंच.

मला खटकतं ते वेगळंच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे अ‍ॅम्प संथ, होमटॅक्सियल (जुन्या पद्धतीने बनवलेला) २एन३०५५ धरून आखलेले असत. त्याची फ्रिक्वेन्सी-मर्यादा जेमतेम ०.८ मेगाहर्ट्झची. आजचा एपिटॅक्सियल (नव्या पद्धतीचा) २एन३०५५ किमान २.५ मेगाहर्ट्झचा. तो जुन्या सर्किटमध्ये बसवला की कधी कधी आउटपुट स्वतःच ऑसिलेट होतं, म्हणजे ऐकू न येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर आपोआप डोलू लागतं. कानाला काही कळत नाही. गिटार जोडलेली नसतानाही हीटसिंक तापतो आणि आउटपुटवरचा १० ओहमचा रेझिस्टर, ज्याच्यासोबत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, तो काळा पडतो. सगळे बायसच्या (सिग्नल नसताना वाहणाऱ्या करंटच्या) मागे लागतात, बायस निर्दोष असतो. ड्रायव्हरच्या कलेक्टर-बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकून बहुधा भागतं, पण सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपशिवाय भागलं की नाही हे ठरवणार कसं? एमजे१५०१५ला हा त्रास कमी, पण त्याचीही वरची मर्यादा ६ मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकते, म्हणजे नग कसा निघेल यावर आलं.

अ‍ॅम्पच्याच काळातल्या यंत्रातून काढलेला नग बसवला की ही कटकट सहसा होत नाही. त्याचे दोष निराळे: वर्षानुवर्षं तापून-निवून चिपखालचा जोड थकलेला असतो, पाय आखूड कापलेले असतात, गेन जुळणारी जोडी मिळायला चार-सहा नग चाचपावे लागतात. म्हणून आधी परीक्षा. मोठ्या हीटसिंकवर अभ्रक आणि पेस्ट लावून बसवा, एमिटरला १ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर द्या, बेंच सप्लाय ३० व्होल्टवर ठेवून करंट-मर्यादा १ अँपिअरच्या किंचित वर बांधा. बेसला पॉटमधून (फिरवायच्या रेझिस्टरमधून) करंट देत १ अँपिअर गाठा आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. पॉट न हलवता करंट चढतच राहिला तर तो नग बाजूला टाका. नकली मालही इथेच उघडा पडतो.

घरी ऑसिलोस्कोप असेल तर नवा घ्यायला माझी हरकत नाही. नसेल तर मी आधी कबाडीकडे चक्कर मारीन.

कुठलाही लावा, टोपी म्हणजेच कलेक्टर. चालू करण्याआधी ती आणि हीटसिंक यांच्यात मल्टिमीटरने काहीच जोड दाखवता कामा नये. पहिल्यांदा मेन्समध्ये ६० वॉटचा तारेचा बल्ब सीरिजमध्ये जोडा. तो भपकन पेटून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर बंद करा. मग बायस लावताना ०.३३ ओहमवर ७ मिलिव्होल्ट आले, की साधारण २० मिलिअँपिअर झाले.