पांडाजचं रीड_एफडब्ल्यूएफ: रुंदी सांगाल तरच विश्वास ठेवा

देवगडातल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघते. जुन्या सॉफ्टवेअरमधून खातेयादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये निघते. ओळ ७२ अक्षरांची: ६ खाते क्रमांक, ३० नाव, २० गाव, १२ रक्कम, ४ शाखा. मध्ये स्वल्पविराम नाही, टॅब नाही. घरं मोजूनच तोडायचं. आधी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शून्य ते सहा, सहा ते छत्तीस असे तुकडे हाताने पाडायचे. आता पांडाज या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीचं रीड_एफडब्ल्यूएफ वापरते; ठरलेल्या रुंदीच्या फाइली वाचणारं हे फंक्शन. फुकट आहे, रुंद्यांची यादी दिली की एका ओळीत तक्ता तयार, कडेच्या मोकळ्या जागाही छाटून मिळतात.

रुंदी दिली नाही तर ते पहिल्या १०० ओळी बघून स्वतः अंदाज बांधतं. हे मला अजिबात पटलेलं नाही. आमची यादी गावाप्रमाणे, रोमन लिपीत. पहिल्या शंभरात देवगड आणि जामसंडेच. जामसंडेची अक्षरं आठ, म्हणून गावाची रुंदी आठच धरली गेली. पुढे दहा अक्षरांचं कुणकेश्वर आलं आणि त्याची शेवटची दोन गळाली. चूक झाल्याची सूचनासुद्धा नाही! तेव्हापासून रुंदी मीच लिहिते.

दुसरी गोष्ट खाते क्रमांकाची. तो संख्या म्हणून वाचला गेल्याने ०००४१७ चं ४१७ झालं, पावती तशीच छापली गेली. एक काका काउंटरवर येऊन म्हणाले, "ह्यो नंबर माझो नाय गो बाय." माणूस वीस वर्षं पासबुकात तो आकडा बघतोय, त्याला धक्का बसणारच. डीटाइपमध्ये (रकान्याचा प्रकार) एसटीआर, म्हणजे मजकूर, सांगितलं की शून्यं शाबूत राहतात. हे पहिल्याच दिवशी करा.

मराठी नावांच्या फाइलला मात्र हे चालत नाही. आमच्या नव्या, देवनागरी फाइलमध्ये रुंदी अक्षरांत नाही, बाइटमध्ये (साठवणीचं एकक) मोजलेली आहे. 'देवगड' वाचताना चार अक्षरं, पायथनच्या मोजणीत पाच (मात्रा वेगळी धरतात), यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत १५ बाइट. गावाच्या २० बाइटच्या घरात मग पायथनला दहाच अक्षरं दिसतात (पाच नावाची, पाच मोकळ्या जागा), आणि फंक्शन वीस मोजत रकमेत घुसतं. तिथे मी फाइल बायनरी, म्हणजे कच्च्या बाइटच्या रूपात, उघडते, ओळीच्या शेवटची खूण काढते, पायथनच्याच स्ट्रक्ट मॉड्यूलमधल्या अनपॅकने बाइटवर तोडते आणि मग एकेक तुकडा डिकोड करते, म्हणजे बाइटची परत अक्षरं करते. चार ओळी जास्त लागतात, पण रक्कम रकमेच्या घरात राहते.

रोमन फाइलसाठी पाचपैकी साडेचार.