पीएनआर खरा होता, तिकीट नव्हतं

आमच्या नात्यात कुणाला विमानाचं तिकीट काढायचं असलं की फोन मला यायचा. ‘यायचा’ असं मुद्दाम म्हणतेय. कोणत्या वारी दर उतरतात, पुण्याच्या लोहगावहून थेट गेलं तर किती पडतं, मुंबईहून गेलं तर एक्स्प्रेसवेच्या कॅबचे पैसे धरून किती पडतं, सात किलोच्या बॅगेत चार दिवसांचे कपडे कसे बसवायचे, हे सगळं मला तोंडपाठ. कुणी स्वतःच्या मनाने महाग तिकीट काढलं की ‘मला विचारायचं तरी’ असा माझा चेहरा व्हायचा. जुलै २०२५ मध्ये मी ८७,१२५ रुपयांना फसले आणि त्यातले बरेचसे मैत्रिणींचे होते.

आम्ही पाचजणी शाळेपासूनच्या. सगळ्यांची पन्नाशी एकाच वर्षात आली, तेव्हा ठरलं की नवरे, मुलं, सासवा कुणी नाही, फक्त आपण. त्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी येत होता. गुरुवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री परतायचं. बँकॉक ठरलं, कारण थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला होता आणि पाचपैकी दोघींना व्हिसाची कागदपत्रं जमवण्याचा भयंकर कंटाळा. मी नेहमीसारखी दर बघायला बसले. जोडून आलेल्या सुट्टीला मुंबईहून जाऊन-येऊन सत्तावीस-अठ्ठावीस हजारांच्या खाली काही दिसेना. तारखा दोन दिवस पुढे-मागे केल्या की दर लगेच पडत होता. पण आमच्यातल्या तिघी नोकरीवाल्या. त्यांना तारखा हलवता येईनात.

तेवढ्यात मला ‘तो’ आठवला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी त्याचा नंबर टाकला होता. एप्रिलमध्ये भाच्याचं पुणे-नागपूर तिकीट मी त्याच्याकडून काढलं होतं. साइटवरच्या दरापेक्षा चारशे रुपये कमी, आणि भाचा व्यवस्थित नागपूरला पोचला. आता वाटतं, ते चारशे रुपये त्याने माझ्यावर गुंतवले होते. बोलणं अगदी आपल्यातलं. ‘ताई’शिवाय वाक्य नाही, डीपीला गणपती, ऑफिसचा पत्ता बाणेरचा. तो पत्ता प्रत्यक्ष जाऊन बघावा असं मला एकदाही वाटलं नाही. कोथरूडहून बाणेर म्हणजे काही काशीयात्रा नव्हे.

त्याने भाव सांगितला माणशी १४,५००.

मी इतकीही भोळी नाही. बाजारात जे अठ्ठावीसला आहे ते तुला साडेचौदाला कसं मिळतं, हे मी विचारलंच. तो म्हणाला, “ताई, सीरीजच्या सीट आहेत. एका टूर कंपनीने ग्रुपसाठी आधीच उचललेल्या, त्यांचा ग्रुप भरला नाही.” आता यातली मेख अशी की हा प्रकार खरंच असतो. मोठे एजंट सीझनच्या आधी विमान कंपनीकडून घाऊक जागा घेऊन ठेवतात, नावं नंतर देतात, उरलेल्या जागा कधी कधी पडेल भावात काढतात. मला हे माहीत होतं, म्हणूनच मला ते पटलं. ज्याला काहीच माहीत नाही त्याने कदाचित मान हलवून फोन ठेवला असता. मला अर्धवट माहीत होतं आणि त्या अर्ध्यात तो बरोबर शिरला.

६ जुलैला, रविवारी, आषाढी एकादशी होती. साबुदाण्याची खिचडी खाता खाता मी पैसे पाठवले. पाच जणींचे ७२,५००, वर ‘पाच टक्के टीसीएस’ (विकणारा आपल्याकडून आगाऊ घेतो तो आयकर) म्हणून ३,६२५. तो म्हणाला, “रिटर्न भरताना परत मिळतो, ताई.” मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस लागतो, नुसत्या विमानाच्या तिकिटावर लागत नाही, हे मला ठाऊक असायला हवं. आणि टीसीएस कापणारा माणूस पॅन नंबर मागतो, कारण ती रक्कम आयकर खात्याच्या नोंदीत आपल्या नावावर दिसायची असते. त्याने पाचपैकी एकीचाही पॅन मागितला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कार्डाने पैसे भरते म्हटलं तर म्हणाला, “अडीच टक्के वर जातात, ताई, कशाला उगाच.” यूपीआयवर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुणा परप्रांतीय माणसाचं होतं. ‘अकाउंटंटचं खातं आहे’ हे त्याने मी विचारायच्या आत सांगितलं. क्रेडिट कार्डाने भरले असते तर बँकेकडे तक्रार करून व्यवहाराला हरकत घेता आली असती. त्या अडीच टक्क्यांचे अठराशे-एकोणीसशे रुपये वाचले याचा मला त्या दिवशी आनंदच झाला होता.

अर्ध्या तासात पीडीएफ आली. पाच नावं, विमानाचा क्रमांक, वेळ आणि सहा अक्षरांचा पीएनआर. मी ती तशीच ग्रुपवर नाही टाकली. विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर गेले, पीएनआर आणि आडनाव घातलं, आणि आमचं सगळं बुकिंग समोर उघडलं. पाचही नावं बरोबर. त्याचा फोटो काढून मी मग ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘खात्री केली आहे.’ तो मेसेज आजही कुणी पुसलेला नाही.

साइट खोटी नव्हती आणि पीएनआरही खोटा नव्हता. माझी समजूत खोटी होती. पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवल्याची नोंद. एजंटच्या सिस्टीमवर पैसे न भरता काही काळासाठी जागा धरता येते. किती काळ, ते विमान कंपनी आणि दर यांवर ठरतं. त्या मुदतीत तिकीट काढलं नाही की नोंद आपोआप रद्द होते. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं. मी रुमाल बघितला आणि तिकीट आहे असं समजले. खरं तिकीट निघालं की त्याला तेरा आकडी नंबर मिळतो आणि त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८. आमच्या पीडीएफमध्ये तिकीट नंबराच्या रकान्यात तोच सहा अक्षरी पीएनआर पुन्हा छापला होता. मी तो रकाना पाहिला होता. त्यात काहीतरी लिहिलेलं आहे, एवढंच पाहिलं होतं.

(काही स्वस्त विमान कंपन्या असा तेरा आकडी नंबर प्रवाशाला दाखवत नाहीत, त्यांचा कारभार पीएनआरवरच चालतो. तिथे कंपनीच्या साइटवर बुकिंग उघडून पैसे पूर्ण भरल्याची नोंद आहे का ते बघायचं. हे मला पुढे कळलं.)

आता आमच्यातली गणिताची बाई. ही शाळेत गणित शिकवते आणि चातुर्मास पाळते, कांदा-लसूण बंद. विमानात जैन जेवण मिळेल का, हे विचारायला तिने २४ जुलैला विमान कंपनीला परस्पर फोन लावला. मला न विचारता, याचा मला त्या वेळी थोडा रागही आला होता. तिकडून सांगण्यात आलं की हे बुकिंग ८ जुलैलाच रद्द झालंय, तिकीट काढलंच गेलं नव्हतं.

मी त्याला फोन केला. उचलला, पहिल्याच रिंगला. हे महत्त्वाचं आहे, कारण आपली कल्पना अशी असते की ठग फोन बंद करून पळतो. हा पळाला नाही. उलट तोच वैतागला होता. “ताई, शेड्यूल चेंज झालाय, मीच तुम्हाला फोन करणार होतो.” तासाभरात नवा पीएनआर. साइटवर घातला, पुन्हा पाचही नावं. फक्त म्हणाला, नव्या फ्लाइटला माणशी २,२०० फरक पडतोय, आज रात्री बारापर्यंत भरला नाही तर जागा जातील.

मी ११,००० भरले. कुणालाही न सांगता, माझ्या खात्यातून. गणिताच्या बाईला कळवलं, ‘झालं सगळं, नवा पीएनआर घे.’ तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. मला संशय नव्हता असं नाही. पण संशय खरा मानला असता तर चौघींना तोंड दाखवावं लागलं असतं. अकरा हजार देऊन मी आणखी एक रात्र विकत घेतली.

नेमकी एकच रात्र नाही, दीड दिवस. २६ तारखेला, शनिवारी सकाळी, गणिताच्या बाईने नव्या पीएनआरवर जेवण नोंदवायला पुन्हा फोन केला. पलीकडच्या मुलीने तिला शांतपणे समजावलं की जागा धरलेल्या आहेत, उद्या संध्याकाळपर्यंतच, आणि तुमच्याकडे तेरा आकडी तिकीट नंबर आहे का ते बघा. बाई माझ्या घरी आली. चहा नको म्हणाली. “अगं, आकडे मोज,” म्हणाली. मी मोजले. सहा. आणि ते आकडेही नव्हते.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तिनेच फोन लावला. माझा आवाज फुटत नव्हता. तिथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, बँक एवढंच विचारतात, त्यामुळे ते हाताशी ठेवून मग फोन करावा. पैसे पुढच्या ज्या खात्यात सरकले असतील तिथे शिल्लक सापडली तर अडवून ठेवतात. ६ जुलैच्या पैशांना वीस दिवस होऊन गेले होते, ते केव्हाच पसार. २४ तारखेच्या ११,००० पैकी ६,४०० कुठल्याशा तिसऱ्या खात्यात अडकले. मी २४ लाच, पहिला पीएनआर रद्द झाल्याचं कळल्यावर, त्याच्याऐवजी १९३० ला फोन केला असता तर ते अकरा हजार गेलेच नसते. त्याच दिवशी सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, सोमवारी शिवाजीनगरला सायबर पोलिसांकडे स्टेटमेंट, चॅट आणि दोन्ही पीडीएफच्या प्रती घेऊन गेले. अडवलेले पैसे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतात, असं तेव्हा तिथे सांगितलं. अजून मिळालेले नाहीत.

बाणेरचा पत्ताही शेवटी बघून आले. इमारत आहे. त्या मजल्यावर दाताचा दवाखाना आहे.

त्याच्या लेटरहेडवर ‘आयाटा मान्यताप्राप्त’ असंही छापलेलं होतं. आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. एजन्सीला आयाटाचा आकडी कोड असतो आणि तो आयाटाच्या साइटवर टाकून बघता येतो. पण यावर फार भिस्त ठेवू नका. कोपऱ्यावरचे कितीतरी छोटे, सरळमार्गी एजंट मोठ्या एजन्सीमार्फत तिकीट काढतात आणि त्यांचा स्वतःचा कोड नसतो. माझा आता कोडापेक्षा तेरा आकड्यांवर विश्वास जास्त.

मैत्रिणींचे पैसे मी दोन हप्त्यांत परत केले. तिघींनी घेतले, मला ते बरंच वाटलं. गणिताच्या बाईने अर्धेच घेतले. म्हणाली, “खात्रीचा फोटो मी पण पाहिला होता, मी पण मोजलं नव्हतं.” १५ ऑगस्टला आम्ही तिच्याकडेच जमलो. कांदा-लसूण नसलेलं जेवलो आणि बँकॉकचा विषय कुणी काढला नाही.

जानेवारीत मात्र गेलो. मंगळवारी निघून शनिवारी परत, रजा टाकून. विमान कंपनीच्या साइटवरून, क्रेडिट कार्डाने, माणशी साडेबावीस हजाराला. या वेळी तिकिटं गणिताच्या बाईने काढली, मला फक्त पासपोर्टचा फोटो मागितला. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. “घे लिहून,” म्हणाली, आणि एकेक आकडा सांगत गेली, पाचही तिकिटांचे. माझ्याकडून परत वाचून घेतले. मग म्हणाली, “आणि जैन जेवण सांगून ठेवलंय.”

“अगं, चातुर्मास केव्हाच संपला,” मी म्हटलं.

“हो. पण त्यांना फोन करायला काहीतरी निमित्त नको का?”