टीसीपीव्ह्यू: सात महिने वापरल्यावर

व्हिडिओ कॉलच्या आधी मी बाकीचे सगळे प्रोग्राम बंद करायचो आणि नेमका तेव्हाच माझा आवाज तुटायला लागायचा. कॉल संपला तरी राउटरचा दिवा लुकलुकत राहायचा. अँटिव्हायरसने दोनदा पूर्ण तपासणी केली, काहीच सापडलं नाही. पण आपल्या मशीनमधून आपल्या नकळत काहीतरी बाहेर जातंय, ही शंका मनातून जाईना. म्हणून टीसीपीव्ह्यू डाउनलोड केलं.

हे सिसइंटर्नल्स या विंडोजसाठीच्या छोट्या साधनांच्या संचातलं मोफत साधन. हा संच २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. इन्स्टॉल करावं लागत नाही, फाइल उघडली की झालं. कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्याशी, कोणत्या पोर्टवर (म्हणजे जोडणीच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर) जोडलेला आहे ते रांगेत दिसतं. नवी जोडणी हिरवी, तुटलेली लाल, स्थिती बदललेली पिवळी. कमांड प्रॉम्प्टवर 'नेटस्टॅट' चालवूनही यादी मिळते, पण ती त्या क्षणापुरती. इथे ती डोळ्यांसमोर हलत राहते.

पहिला आठवडा मात्र मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. 'एसव्हीसीहोस्ट'च्या इतक्या ओळी बघून धसका घेतला. विंडोजच्या कितीतरी सेवा याच नावाखाली चालतात. बघायचं ते फाइल कुठून चालतेय हे: विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये असेल तर ठीक, डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डरमध्ये असेल तर काळजीचं. १२७.०.०.१ या पत्त्याच्या ओळीही सोडून द्या, तिथे मशीन स्वतःशीच बोलत असतं. अनोळखी आयपी पत्त्यांचा मालक शोधण्यात मी बराच वेळ घालवला. बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या क्लाउड कंपनीचं नाव येतं आणि आपण होतो तिथेच राहतो.

उत्तर मिळालं ते पाठवलेल्या बाइट्सच्या कॉलमवर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावल्यावर. सगळ्यात वर होता फाइली क्लाउडवर ठेवणारा प्रोग्राम, जो मीच कधीतरी बसवला होता. माझा सगळा जुना ईमेल एकाच मोठ्या फाइलमध्ये साठतो आणि ती फाइल त्याच्या फोल्डरमध्ये होती. ईमेलचा प्रोग्राम चालू असेपर्यंत फाइल लॉक असायची. मी तो बंद केला की लॉक सुटायचं, आणि एका नव्या मेलपायी कित्येक जीबीची अख्खी फाइल पुन्हा वर जायला लागायची. अपलोडची वाट तुंबली की वेबपानंही रखडतात, कारण डाउनलोड पोहोचल्याची पोच त्याच वाटेने परत जाते. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, त्या संध्याकाळपासून आवाज स्वच्छ.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. इतिहास ठेवला जात नाही. मध्यरात्री काय झालं हे सकाळी कळत नाही. त्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमधला ॲपनिहाय डेटा वापर बघावा लागतो. यूडीपी, म्हणजे आधी जोडणी न करता डेटा पाठवायची पद्धत, तिच्या ओळींवर समोरचा पत्ता येत नाही. आजचे ब्राउझर एचटीटीपी/३ साठी (वेबपानं आणायच्या नव्या पद्धतीसाठी) यूडीपीच वापरतात, त्यामुळे त्यांची बरीचशी रहदारी निम्मीच दिसते. जोडणी इथूनच तोडता येते, पण प्रोग्राम चालू असेल तर तो लगेच नवी उघडतो. आणि आत काय जातंय हे यातून कळतच नाही, त्यासाठी वायरशार्क हा नेटवर्कवरून जाणारा डेटा पकडून दाखवणारा प्रोग्राम लागतो. तिथेही मजकूर बहुतेक वेळा एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असतो, फार तर सर्व्हरचं नाव वाचता येतं.

तरी पहिलं साधन म्हणून मी हेच सुचवेन. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि मशीन ठणठणीत असतानाच एकदा, सगळं बंद करून, दहा मिनिटं यादी बघा व सेव्ह करून ठेवा. माझ्या तशा यादीत जेमतेम वीस-बावीस ओळी आहेत. परवा एक नवी ओळ उगवली ती मला त्यामुळेच लगेच दिसली: प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने स्वतःचं अपडेट शोधायला सुरुवात केली होती.