तिखटामिठाचे वॉफल आणि दोन घरांचा वॉफल मेकर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सहा महिन्यांत आमच्या डोंबिवलीच्या घरी आठवड्यातून निदान दोनदा रात्रीच्या जेवणाला तिखटामिठाचे वॉफल होत आहेत. वॉफल म्हणजे दोन तापलेल्या तव्यांमध्ये भाजलेले, खळग्याखळग्यांचे जाड धिरडेच. ते करण्यासाठी घेतलेले यंत्र साधे आहे : दोन चौकोनी घरे, खोल खळगे, न चिकटणारा लेप, 750 वॉट आणि दीड हजारांच्या आसपास किंमत. पत्नीची लोकल आठच्या आत क्वचितच पोहोचते आणि कामाच्या दिवसांत रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, त्यामुळे हा अभिप्राय हौसेच्या न्याहारीचा नसून थकून घरी आलेल्या माणसाच्या स्वयंपाकाचा आहे.

खोक्यावर पाच मिनिटांचा दावा छापलेला आहे. यंत्र तापायला चार मिनिटे लागतात आणि दोन वॉफलांच्या एका घाण्याला सहा-सात; म्हणजे चौघांसाठी आठ वॉफल करायचे तर अर्धा तास धरावा. मात्र हा अर्धा तास डोशांच्या अर्ध्या तासासारखा नसतो. डोसे करताना तव्यापुढून हलता येत नाही. येथे झाकण लावले की हात मोकळे होतात आणि तेवढ्या वेळात चटणी वाटून होते किंवा मुलीचे गणित तपासून होते. या यंत्राचे सगळे मोल मला या मोकळ्या हातांत वाटते. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वॉर्टवाऊट यांनी 24 ऑगस्ट 1869 रोजी ज्या वॉफलच्या साच्याचे पेटंट घेतले, तो चुलीवर ठेवून उलटावा लागे, कारण आच फक्त खालून मिळे. विजेच्या यंत्रात वर आणि खाली दोन्हीकडे तार असल्याने ते कामही उरत नाही. विजेचा खर्च किरकोळ आहे : अर्ध्या तासाला फार तर 0.4 युनिट, आणि घरातला नेहमीचा 6 अँपिअरचा प्लग पुरतो. वायर मात्र इतकी आखूड आहे की यंत्र मिक्सरच्या जागीच ठेवावे लागते.

पहिल्या आठवड्यात मला फसवले ते हिरव्या दिव्याने. दिवा लागला म्हणजे वॉफल झाला, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो दिवा थर्मोस्टॅटचा असतो. तवे ठरलेल्या तापमानाला पुन्हा पोहोचले एवढेच तो सांगतो, आतल्या पिठाशी त्याला काही देणेघेणे नसते. गोड पिठात साखर असल्याने रंग लवकर चढतो, तर तिखटामिठाच्या पिठाला तो उशिरा येतो. दिवा पाहून मी झाकण उचलले आणि वॉफल मधोमध फाटून त्याचा अर्धा भाग वरच्या तव्याला लोंबत राहिला. तेव्हापासून मी दिव्याकडे पाहतच नाही, वाफेकडे पाहतो. कडेने जोरात वाफ येत असेपर्यंत आत पाणी शिल्लक असते. वाफ जवळजवळ थांबली की आणखी एक मिनिट जाऊ द्यावे आणि मग झाकण हलकेच उचलून पाहावे. झाकण अडते आहे असे वाटले तर ओढू नये.

पिठांमध्ये सर्वांत उत्तम निकाल लागतो तो इडलीच्या पिठाचा, आणि तोही तिसऱ्या दिवशीच्या. ज्या पिठाच्या इडल्या आंबट आणि चपट्या होतात, तेच पीठ येथे बाहेरून कुरकुरीत आणि आतून जाळीदार निघते. दोन वाट्या पिठात बारीक चिरलेला कांदा, किसलेले गाजर, आले-मिरची, कोथिंबीर, मीठ आणि दोन चमचे तेल घालावे. तेल पिठातच हवे, कारण वॉफल सुटून यायला वरून लावलेले तेल पुरत नाही. पीठ फार आंबले असेल तर चिमूटभर खायचा सोडा घालावा. आंबटपणाशी संयोग होऊन तो पीठ फुगवतो आणि चवीची धारही थोडी कमी करतो. प्रत्येक घरात पाऊण डाव पीठ पुरे होते. पूर्ण डाव घातला की ते कडेने ओघळून ओट्यावर येते, हे मी दोनदा अनुभवले आहे.

पीठ नसेल त्या दिवशी रव्याचे वॉफल होतात : एक वाटी रवा, पाऊण वाटी ताक, पंधरा मिनिटे भिजवण आणि अगदी शेवटी अर्धा चमचा फ्रूट सॉल्ट. काकडी किंवा दुधी किसून घालायचा असेल तर तो घट्ट पिळून घ्यावा, नाहीतर वाफ थांबता थांबत नाही. चीज पिठात मिसळू नये. ते वितळून खळग्यांत जळते आणि पुढचे दोन घाणे चिकटतात.

थालीपिठाच्या भाजणीने माझी निराशा केली. भाजणी मुळातच जड असते. ती ताकात सैल भिजवली तरी वॉफल विटेसारखा दडस झाला. आईने एक तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाली, "अरे, थालीपिठाला मध्ये भोक पाडून तेल सोडावं लागतं. ह्यात तू ते कुठून सोडणार?" तिचे म्हणणे खरे होते. भाजणीत निम्मे इडलीचे पीठ मिसळले की प्रकार खाण्याजोगा होतो, पण त्याला थालीपीठ म्हणण्याचे धाडस मी घरात करत नाही.

वॉफल ताटात काढला की त्याचीच वाफ खाली साठते आणि दोन मिनिटांत तो मऊ पडतो. विकतच्या जाळीची गरज नाही. पीठ चाळायची चाळण पालथी घालून मी त्यावर वॉफल ठेवतो आणि शेवटचा घाणा होईपर्यंत पहिला चांगला राहतो. खळग्यांत ओली चटणी भरली की मुलगी एकेक खळगा मोजून खाते. माझ्यासाठी लोणी आणि मिरचीचा ठेचा.

या यंत्राचा खरा दोष आहे साफसफाई. तवे सुटे होत नाहीत, त्यामुळे ते नळाखाली धरता येत नाहीत. प्लग काढून तवे कोमट असतानाच ओले फडके घडी करून आत ठेवायचे, झाकण लावायचे आणि दहा मिनिटांनी मऊ दातघासणीने कोपरे काढायचे, ही पद्धत मला अखेर लागू पडली. डब्यातला तेलाचा फवारा वापरू नये. त्याचा चिकट, पिवळा थर लेपावर बसतो आणि घासूनही जात नाही. डोशाच्या तव्यावर तेल पुसायला आपण अर्धा कांदा वापरतो, तोही येथे उपयोगाचा नाही, कारण तो खळग्यांच्या तळाशी पोहोचत नाही. सिलिकॉनचा लहान ब्रश घ्यावा.

दुसऱ्याच महिन्यात झाकणाची प्लॅस्टिकची कडी तुटली. वॉरंटीची विचारणा केली तेव्हा कडी ही "बाह्य भागां"त मोडते, असे उत्तर मिळाले, आणि सुटी कडी विकतही मिळाली नाही. तेव्हापासून पीठ फुगले की झाकण वर उचलले जाते आणि वरची बाजू फिकी राहते. सध्या पहिली दोन मिनिटे मी मूठ हाताने दाबून धरतो. म्हणजे ज्या मोकळ्या हातांसाठी यंत्र घेतले, त्यांतला एक पुन्हा अडकला आहे. नवे घ्यायची वेळ येईल तेव्हा सुटे तवे आणि धातूची कडी असलेलेच घेईन, मग त्याला दुप्पट पैसे पडले तरी चालतील.