साधे सराउंड की दुतोंडी? भिंतीला टेकलेल्या सोफ्याचा प्रश्न

होम थिएटरसाठी रिसीव्हर, पुढचे तीन स्पीकर आणि सबवूफर घेऊन झालेत, आता मागच्या दोन स्पीकरांवर, म्हणजे सराउंडवर, घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. ५.१ म्हणजे हेच पाच स्पीकर आणि एक सबवूफर, त्याहून जास्त सांगत बसत नाही. सबवूफरबद्दलही नाही, नाशिक ढोलाच्या गावात छातीत बसणारा आवाज कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

माझा हॉल इंदिरानगरातल्या कुठल्याही टू-बीएचकेत शोभेल असा. रुंदी ११ फूट, लांबी १४. एका टोकाला टीव्ही, समोर तिघांचा सोफा, त्याची पाठ भिंतीला. डाव्या हाताला सलग भिंत. उजव्या हाताला भिंत म्हणावी असं काही नाही: जेवणाच्या टेबलाकडे जाणारी मोकळी वाट आणि कॉलममुळे सोफ्याशेजारी उरलेला दीड फुटाचा तुकडा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर साडेनऊ फुटांवर स्लॅब. रिकामा असताना टाळी वाजवली की हॉल उलट टाळी वाजवायचा.

आता पुस्तकी जागा बघा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची शिफारस अशी, की टीव्हीची दिशा शून्य अंश धरली तर सराउंड १०० ते १२० अंशांमध्ये असावेत, म्हणजे कानांच्या रेषेपेक्षा थोडे मागे. मी टेप घेऊन हिशोब केला. मधल्या जागेपासून बाजूची भिंत साडेपाच फूट. ११० अंश गाठायचे तर त्या भिंतीवर स्पीकर कानांच्या दोन फूट मागे हवा. आणि कानांमागे भिंत जेमतेम फुटावर! म्हणजे स्पीकर शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये. सोफा आणखी फूटभर पुढे ओढला तर गणित कोपऱ्यात का होईना, जमतं. आमच्याकडे सोफा नऊ इंच पुढे आला. त्यापुढे यायला घरातून परवानगी मिळाली नाही. पण त्या नऊ इंचांनीही डोक्यामागच्या भिंतीवरून कानात आदळणारा आवाज बराच निवळला. स्पीकर कुठलेही घ्या, हे फुकटचं काम आधी करून बघा.

राहिला निवडीचा प्रश्न. एका बाजूला साधे बुकशेल्फ स्पीकर: एक तोंड, एक दिशा. दुसऱ्या बाजूला ज्याला मी घरात दुतोंडी म्हणतो तो प्रकार, म्हणजे बायपोल किंवा डायपोल. डबा त्रिकोणी किंवा पाचरीच्या आकाराचा, भिंतीला चपटा बसणारा. एक तोंड टीव्हीकडे, दुसरं मागे, आणि ऐकणाऱ्याकडे थेट कुणीच बघत नाही. बायपोलमध्ये दोन्ही तोंडं एकदम पुढे-मागे हलतात. डायपोलमध्ये एक पुढे येतं तेव्हा दुसरं मागे जातं, त्यामुळे मधल्या पट्ट्यात दोघांचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो आणि तुमच्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः भिंतींवरून परतलेला.

हा खटाटोप कुणी का केला असेल, ते कळलं की निवड सोपी होते. थिएटरात बाजूच्या भिंतींवर सराउंडची रांगच असते, त्यामुळे पावसाचा आवाज एका ठिपक्यातून येत नाही, सगळीकडून येतो. घरात रांग कुठून आणणार? दोनच स्पीकर. त्यात प्रो-लॉजिक या डॉल्बीच्या जुन्या पद्धतीच्या काळात सराउंडचा ट्रॅक एकच असायचा, दोन्ही बाजूंना तोच, आणि वरच्या सुरांचा भाग सुमारे ७ किलोहर्ट्झला छाटलेला. म्हणून थिएटरच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने घरासाठी डायपोलचा आग्रह धरला: आवाज पसरवा, ठिपका लपवा. पुढे डॉल्बी डिजिटल आलं, डावा-उजवा सराउंड स्वतंत्र आणि सगळ्या सुरांचा झाला. अ‍ॅटमॉस या डॉल्बीच्याच नव्या, छतावरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीत तर आवाज नेमका कुठून कुठे जातोय हेच महत्त्वाचं. साहजिकच आज बहुतेक जण साधे घ्या म्हणतात. कागदावर त्यांचं खरं आहे. मीही आधी साधेच घेतले होते.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. स्टँडवर, कानांच्या उंचीला, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना. मधल्या जागेवर बसून हेलिकॉप्टर डोक्यावरून इकडून तिकडे नेण्यात मी दंग. मग एका रविवारी सगळे एकत्र चित्रपट बघायला बसलो.

आमच्या आईची जागा सोफ्याच्या उजव्या टोकाला. गुडघ्यामुळे तिला हाताला आधार लागतो, आणि तिथून स्वयंपाकघरातला गॅस दिसतो. ही जागा बदलणं माझ्याच काय, कुणाच्याच हातात नाही. चित्रपटात लग्नाचा प्रसंग आला, मागे वऱ्हाडी मंडळींची कुजबुज सुरू झाली, आणि आई दचकून उजवीकडे वळली. दुसऱ्यांदा तसं झाल्यावर म्हणाली, "अरे, तो भोंगा आधी बंद कर. माझ्या कानात लग्न लागतंय."

मला आधी ही तिची कुरकुर वाटली. मग तिच्या जागेवर जाऊन बसलो. तिथे सराउंड नावाचा प्रकारच नव्हता, होता तो फक्त उजवा स्पीकर. डावा चालू आहे की बंद, हेही कळेना. कारण सरळ आहे. उजवा तिच्या कानापासून दोन फुटांवर, डावा सहा फुटांवर. जवळचा मोठा तर येतोच, पण तीन-चार मिलिसेकंद आधीही पोहोचतो. आपला कान आधी आलेल्या आवाजावरून दिशा ठरवतो आणि मागून आलेल्याला त्यातच मिसळून टाकतो. हेल्मुट हास या संशोधकाने १९४९ साली अभ्यासलेला हा परिणाम आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. रिसीव्हरचा माइक मधल्या जागेवर ठेवून अंतरं आणि पातळी बसवली, तर ती बसते मधल्या जागेसाठी. आईसाठी उजवा कमी केला की माझ्या बाजूचं सराउंड लंगडं. दोन्ही कमी केले की मग पैसे कशाला घातले? महिनाभर मी रिमोट हातात धरून हेच करत होतो. चित्रपट कमी, तडजोड जास्त.

साध्या स्पीकरवर अन्याय नको, म्हणून त्यांच्यासाठी जे जे करता येतं ते केलं. पहिला उपाय उंचीचा. स्टँड काढून स्पीकर भिंतीवर सहा फुटांवर नेले, म्हणजे बसलेल्या कानापेक्षा पावणेतीन फूट वर. आता आईपासून जवळचा साधारण साडेतीन फूट, लांबचा साडेसहा. तिपटीचा फरक दुपटीच्या आत आला. दुसरा उपाय मला जास्त आवडला: स्पीकरचं तोंड जवळच्या माणसाकडे न ठेवता सोफ्याच्या पलीकडच्या टोकाकडे वळवायचं. जवळच्याला तो कडेने ऐकू येतो, तिथे वरचे सूर बोथट होतात, लांबच्याला थेट. ज्यांच्याकडे साधे सराउंड आधीच आहेत त्यांनी नवीन काही घेण्याआधी या दोन गोष्टी जरूर कराव्यात. आमच्याकडेही तक्रार निम्म्यावर आली. पण टाळ्या, कुजबुज, भांड्यांचा आवाज असं काही टोकदार आलं, की आईची मान वळायचीच.

एम. जी. रोडवर एका दुकानात दुतोंडींची चौकशी केली तर विक्रेता म्हणाला, "साहेब, ते आता जुनं झालं." ऐकवले, तेही गालिचा आणि जाड पडदे लावलेल्या खोलीत. परतणाऱ्या आवाजावर जगणारा स्पीकर गालिच्याच्या खोलीत काय बोलणार? तिथे मला दोन्हींत काडीचा फरक वाटला नाही. खरी परीक्षा गंगापूर रोडच्या मित्राने केली. त्याचे वापरलेले बायपोल आठवडाभरासाठी दिले, ब्रॅकेटसकट. त्याच भिंतींवर, त्याच सहा फुटांवर लावले.

मोजणी केली नाही, तेवढी साधनं नाहीत. पण एप्रिलमधली गोष्ट सांगतो. बाल्कनीत कुरडया वाळत घातलेल्या. चित्रपटात पाऊस सुरू झाला आणि आई गुडघा धरून उठायला लागली. "अरे, पाऊस आला बघ, कुरडया आत घे." त्या संध्याकाळी मी मित्राला फोन करून विचारलं, विकतोस का.

डायपोल का नाही? दोन्ही करता येणारे स्पीकर मिळतात. मॉनिटर ऑडिओच्या ब्रॉन्झ एफएक्ससारख्यांना त्यासाठी बटणच असतं. माझ्याकडच्यालाही आहे, म्हणून ऐकून बघितलं. डावीकडे भिंत, उजवीकडे मोकळी वाट, अशा हॉलमध्ये डावीकडून आवाज भरलेला आणि उजवीकडून पोकळ वाटला. शिवाय त्याचा शांत पट्टा नेमका कानांवर यायला हवा, आणि आमचा सोफा पाहुणे आले की सरकतो. दोन्ही बाजूंना सारख्या भिंती असतील तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. बायपोल या बाबतीत बराच समजूतदार निघाला, तरी उजव्याचं एक तोंड मोकळ्या वाटेकडे आहेच. बायको म्हणते, स्वयंपाकघरात अर्धा चित्रपट फुकट ऐकू येतो.

गमावलं काय, तेही सांगायला हवं. गाण्यांच्या मैफिलीचं ५.१ मुद्रण साध्या स्पीकरांवर नीट उलगडायचं, सारंगी कुठे, टाळ कुठे ते बोट ठेवून दाखवता यायचं. बायपोलवर तेच थोडं धुक्यात गेल्यासारखं वाटतं. गोळी कानाजवळून गेली ती नेमकी कुठून, हेही आता तितकं कळत नाही. एकट्याने, मधल्या जागेवर बसून बघणार असाल, किंवा सोफा भिंतीपासून चांगला तीन-चार फूट पुढे येत असेल, तर मी मुकाट साधे घ्या म्हणेन. पुढेमागे छतावरचे स्पीकर लावून अ‍ॅटमॉस करायचं असेल तरीही साधेच, आणि तेही फार वर न चढवता. डॉल्बीला सराउंड कानांच्या आसपासच्या उंचीला हवे असतात. किमतीतही साधी जोडी सहसा स्वस्त पडते आणि पर्याय भरपूर. पण तिघं-चौघं दाटीवाटीने बसणार, सोफा भिंतीपासून फार पुढे येणार नाही आणि टोकाला कुणीतरी ठरलेलं माणूस असणार, तर माझा कल कुठे आहे ते एव्हाना लक्षात आलंच असेल.

वायरलेसचा मोह मलाही झाला होता. पण हवेतून येतो तो आवाज, वीज नाही. कॉलमवर प्लग पॉइंट नव्हता. वायर ओढायचीच तर स्पीकरचीच ओढली. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मोकळ्या वाटेच्या वरून बीमच्या कडेने केसिंग पट्टीतून नेली. कॉलम काँक्रीटचा, तिथे हॅमर ड्रिल लागलं. नव्या इमारतींत एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, भिंती असतात, त्यात साधा प्लग ढिला पडतो. तिथे ब्लॉकसाठीचेच अँकर मागून घ्या. दुतोंडी स्पीकर वजनाला हलका नसतो, आणि खाली कुणाचं तरी डोकं असतं. कोपऱ्याजवळ लावल्यावर आवाज घुमायला लागला तर रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० ऐवजी १०० हर्ट्झ करून बघा, माझं काम तेवढ्यावर झालं.

आणि भोकं पाडायच्या आधी आठवडाभर स्पीकर स्टूलवर, कपाटावर, पुस्तकांच्या चळतीवर, जसे जमतील तसे त्या उंचीला ठेवून घरच्यांना चित्रपट दाखवा. ज्याची जी जागा तिथेच त्याला बसू द्या. त्या आठवड्यात तुम्ही मात्र मधल्या जागेवर बसू नका.