राइड उत्तम, रांगेला मात्र वाली नाही

गेल्या महिन्यात बहीण, तिचा ९ वर्षांचा मुलगा आणि मी अशा तिघांनी एका मोठ्या थीम पार्कमध्ये सकाळी दार उघडल्यापासून रात्रीची आतषबाजी संपेपर्यंतचा पूर्ण दिवस घालवला. पार्कचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल मला लिहायचे आहे ती त्या एका पार्कपुरती नाही. इतर पाहुण्यांच्या बेपर्वा वागण्यामुळे तो दिवस आम्हाला जड गेला. हे वागणे रोखणे पार्कच्या हातात होते आणि ते रोखले गेले नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

राइडबद्दल तक्रार करण्यासारखे जवळजवळ काही नाही. मोठा रोलर कोस्टर अतिशय सफाईने धावतो, अंधारातल्या बोटीच्या सफरीतील देखावे बारकाईने केलेले आहेत, स्वच्छतागृहे दिवसभर स्वच्छ होती आणि दिशादर्शक पाट्याही स्पष्ट होत्या.

पहिला कटू अनुभव आला तो रोलर कोस्टरच्या रांगेत. प्रवेशापाशी फलकावर ५० मिनिटे लिहिली होती, आणि प्रत्यक्षात आम्हाला १ तास २५ मिनिटे लागली. आमच्या पुढे एक मुलगा एकटाच उभा होता. अर्ध्या तासाने त्याचे ८ मित्र साखळीखालून वाकून आत आले आणि 'आमचा माणूस पुढे आहे' एवढेच म्हणत सगळ्यांना बाजूला सारत त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांना कोणी हटकले नाही हे पाहून पुढच्या वळणावर आणखी एक कुटुंब तसेच घुसले. रांगेच्या तोंडाशी एक कर्मचारी होता आणि फलाटावर तिघे होते, पण मधल्या साऱ्या नागमोडी पट्ट्यात एकही माणूस नव्हता. लहान मुलाला स्वच्छतागृहात नेऊन परत येणाऱ्या आईला वाट देण्यात कोणालाच काही वाटत नाही, आणि वाटूही नये. एकाने जागा धरायची आणि आठांनी ती वापरायची, हा प्रकार मात्र वेगळा आहे, आणि हा फरक ठरवण्याचे काम पाहुण्यांवर सोडले की भांडणे होतात. आमच्या मागच्या गृहस्थांनी त्या मुलांना शांतपणे विचारले, तर त्यांना उलट उत्तरे ऐकावी लागली. सेवाव्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली प्रतीक्षेच्या मानसशास्त्राविषयी लिहिताना असे मांडले होते की अन्याय्य वाटणारी प्रतीक्षा न्याय्य प्रतीक्षेपेक्षा अधिक लांब भासते. त्या रांगेत शेवटची वीस मिनिटे आम्ही नेमके हेच अनुभवले.

वेळ केवळ भासण्यात वाढत नाही, ती खरोखरही वाढते. एका गाडीत २४ जण बसतात आणि दर ९० सेकंदांनी गाडी सुटते असे धरले, तर तासाला ४० फेऱ्या होऊन ९६० माणसे बसून जातात. प्रत्येक फेरीला कोणी हातातला फोन ठेवायला तयार नाही, कोणी पाठपिशवी मांडीवरच घेऊन बसतो, कोणाला मित्राशेजारचीच जागा हवी, अशा कारणांनी ३० सेकंद जास्त लागले, की फेऱ्या ३० वर येतात आणि माणसे ७२० वर. म्हणजे त्याच रांगेला एका तासाऐवजी १ तास २० मिनिटे लागतात, आणि फलकावरचा आकडा खोटा ठरतो. आमच्या आधीच्या फेरीत एका गृहस्थांना फोन खिशात ठेवण्याची विनंती तीनदा करावी लागली. चौथ्यांदा गाडी सुटता सुटता थांबवून सर्वांचे सुरक्षा दांडे पुन्हा तपासावे लागले आणि शेकडो लोक हे पाहत उभे राहिले.

हा नियम कोणाला छळण्यासाठी केलेला नसतो. वेगाने जाणाऱ्या गाडीतून सुटलेला फोन मागच्या प्रवाशाच्या चेहऱ्यावर आदळू शकतो, आणि खाली पडलेला फोन माणसाला नको तिथे ओढून नेतो. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट पार्कमध्ये पडलेला फोन शोधण्यासाठी एक पाहुणा कुंपणापलीकडच्या निषिद्ध भागात शिरला आणि 'रॅप्टर' या रोलर कोस्टरच्या गाडीची धडक बसून त्याचा मृत्यू झाला. ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या वेलोसीकोस्टरवर रांगेतच दोन्ही बाजूंनी उघडणारे लॉकर ठेवलेले आहेत. एका बाजूने वस्तू आत ठेवायची आणि उतरल्यावर दुसऱ्या बाजूने काढून घ्यायची, म्हणजे फलाटावर वाद उरतच नाही. आम्ही गेलो त्या पार्कमध्ये लॉकर होते, पण राइडपासून दूर आणि वळसा घालून जावे लागेल अशा ठिकाणी. अशी सोय असली की नियम मोडणाऱ्याला सबब मिळते आणि पाळणाऱ्याचे हेलपाटे वाढतात.

ज्या प्रसंगामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले तो दुपारी दुसऱ्या एका राइडपाशी घडला. तेथे किमान उंची १२२ सेंटिमीटर हवी होती आणि एका मुलीची उंची त्या खुणेपेक्षा दोन बोटे कमी होती. उंचीच्या काठीपाशी उभी असलेली कर्मचारी जेमतेम वीस वर्षांची असेल. तिने मुलीच्या पातळीवर वाकून, अगदी प्रेमाने नकार दिला. वडिलांनी मुलीला टाचा उचलायला सांगितले, मग बुटांत काहीतरी घालून परत आणले, आणि तरीही नकार मिळाल्यावर त्या कर्मचारी मुलीला सर्वांसमोर इतके टाकून बोलले की ऐकणाऱ्यांना लाज वाटावी. सुरक्षा दांडा आणि आसन ठरावीक शरीरमापासाठीच बनवलेले असतात. लहान शरीर त्या दांड्याखालून निसटू शकते, म्हणून ही खूण काटेकोर असते आणि तिच्यात दोन बोटांची सवलत देता येत नाही. त्या कर्मचारी मुलीने आपले काम चोख केले होते. पर्यवेक्षक आले, त्यांनी वडिलांची समजूत काढली, आणि आवाज चढवल्याचे फळ म्हणून त्या कुटुंबाला दुसऱ्या दोन राइडसाठी जलद रांगेचे पास दिले. कर्मचारी मुलीशी ते एक शब्दही बोलले नाहीत. ती पुन्हा काठीपाशी जाऊन उभी राहिली तेव्हा तिचा हात थरथरत होता.

जलद रांगेचे पास हवेतून येत नाहीत. पासवाल्यांची प्रत्येक जागा साध्या रांगेतल्या जागांमधूनच जाते. म्हणजे ज्याने शिवीगाळ केली त्याच्या बक्षिसाचा भार, निमूटपणे उन्हात उभ्या असलेल्या माणसांवर पडला. पार्कने त्या दिवशी शेकडो पाहुण्यांना नकळत शिकवले की येथे नम्र माणसाला थांबावे लागते. मला याचा मनापासून राग आला आणि अजूनही येतो.

याच साखळीतला सर्वांत नाजूक भाग म्हणजे अपंग आणि विशेष गरजा असलेल्या पाहुण्यांची सोय. माझा भाचा स्वमग्न आहे. गर्दीत अंगाला अंग लागून अर्धा तास उभे राहणेही त्याला फार जड जाते. या पार्कमध्ये अशा मुलांसाठी परतीची वेळ देणारी चिठ्ठी मिळते, म्हणजे रांगेइतकाच वेळ बाहेर मोकळ्या जागेत थांबायचे आणि मग आत जायचे. ही पद्धत चांगली आहे, कारण ती फुकटची सूट देत नाही, फक्त थांबण्याची जागा बदलते. पण आमच्यापुढे खिडकीपाशी उभा असलेला तरुणांचा एक गट, काय सांगितले की ही चिठ्ठी मिळते, याची उघडपणे चर्चा करत होता. त्यानंतर आमची पाळी आली तेव्हा साहजिकच प्रश्न अधिक कडक आले, आणि माझ्या बहिणीला आपल्या मुलाच्या अडचणी त्याच्याच समोर अनोळखी माणसाला तपशीलवार सांगाव्या लागल्या. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कनी ऑक्टोबर २०१३ मध्ये आपली जुनी सवलत बंद करून परतीच्या वेळेची पद्धत आणली, तीही गैरवापराच्या तक्रारी वाढल्यामुळेच. खोटे बोलणारा एक राइड लवकर मिळवून निघून जातो. त्याच्यानंतर कडक झालेले नियम मात्र ज्यांना खरी गरज आहे त्यांना दर भेटीत सोसावे लागतात.

बोटीच्या सफरीत पुढच्या आसनावरून सतत फ्लॅश उडत होते. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. एका फ्लॅशने ती मोडते आणि मंद प्रकाशात उभे केलेले देखावे रंगवलेले पुठ्ठे दिसू लागतात. ध्वनिक्षेपकावरून एक सूचना आली, पण बोट थांबवून सांगण्याचे धाडस कोणी केले नाही.

संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी आम्ही पाऊण तास आधी कडेला बसलो होतो. मिरवणूक दिसू लागताच एक मोठा गट मागून येऊन आमच्या आणि दोरीच्या मधल्या वीतभर जागेत उभा राहिला, एकाने मुलाला खांद्यावर घेतले आणि दुसऱ्याने टॅबलेट डोक्यावर धरला. भाच्याला पूर्ण मिरवणुकीतले फक्त फुगे दिसले. येथे पार्कची चूक सरळ आहे: बसणाऱ्यांची आणि उभे राहणाऱ्यांची जागा वेगळी आखलेली नव्हती. जमिनीवर रंगाचा एक पट्टा ओढला असता तरी पुरले असते. मिरवणुकीनंतर वेशातल्या पात्रांना भेटण्याच्या जागी दोन मोठी मुले एका पात्राची शेपटी मागून ओढत होती आणि पालक त्याचे चित्रीकरण करत होते. त्या जड, गरम पोशाखाच्या आत एक माणूस असतो आणि त्याला बाजूचे फारसे दिसत नाही. येथे मात्र सोबतच्या कर्मचाऱ्याने तत्काळ मध्ये पडून भेट थांबवली आणि पालकांना स्पष्ट शब्दांत कारण सांगितले. दिवसभरात हे एवढे एकदाच पाहिले, आणि त्यानंतरची रांग किती शांत झाली हेही पाहिले.

असे वागणे नवीन नाही. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले तेव्हा पहिल्याच दिवशी बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन हजारो लोक आत शिरले होते. तरीही पार्कनी ठरवले तर वागणे बदलते. जून २०१५ च्या अखेरीस डिस्नेने सेल्फी स्टिकवर बंदी घातली, मे २०१९ पासून अमेरिकेतल्या आपल्या पार्कमध्ये ७९ सेंटिमीटरपेक्षा रुंद बाबागाड्या बंद केल्या आणि धूम्रपानाच्या जागा दाराबाहेर नेल्या. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने जुलै २०२२ मध्ये पार्कमधील मारामारीनंतर शुक्रवारी आणि शनिवारी अल्पवयीन मुलांसोबत प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक केले. या शेवटच्या उपायाने नीट वागणारी मुलेही अडली, हे मला रुचत नाही, पण निदान जबाबदारी कोणाची हे त्या पार्कने मान्य केले.

राइड आणि स्वच्छतेसाठी मी या पार्कला पाचपैकी साडेचार गुण देईन, आणि गर्दीच्या व्यवस्थेसाठी दीड. जायचेच असेल तर शाळा सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, मोठा रोलर कोस्टर दार उघडताच गाठावा आणि मिरवणुकीसाठी भिंतीला पाठ लावून उंच पायरीवर बसावे. व्यवस्थापनाला मी पत्र पाठवले आहे. त्यात रांगेच्या मध्यभागी एक कर्मचारी, फलाटापाशी लॉकर आणि मिरवणुकीच्या कडेला आखलेली रेघ एवढ्याच मागण्या आहेत. उंचीच्या काठीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलीबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला आहे, तारीख, वेळ आणि राइडचे नाव देऊन, आणि तिने त्या बापाला काय शब्दांत नकार दिला तेही आठवेल तसे लिहिले आहे.